खाण तशी माती? पिढीजात आघाताच्या वादात काय चुकतंय

‘हा ट्रॉमा माझ्या डीएनएमध्येच आहे’ आणि ‘आमच्या आजोबांनी एवढं सोसलं, त्यांना कुठे डिप्रेशन आलं?’ पिढीजात आघाताचा विषय निघाला की ही दोन वाक्यं हमखास समोरासमोर येतात. पहिल्या वाक्यामागे विज्ञान आहे असं वाटतं, दुसऱ्यामागे अनुभव. पण दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून भांडत असतात: आघात हा जमीनजुमल्यासारखा वारशाने उतरणारा ऐवज आहे. उतरला असेल तर तुमचं नशीब, नसेल तर तुमचं नाटक. या गृहीतकाला कुणी हातच लावत नाही, म्हणून वाद वर्षानुवर्षं त्याच जागी फिरतो आणि ज्यांना उपचार हवेत ती माणसं दोन्हीकडून उपाशी राहतात.

माझं म्हणणं असं. आई-वडिलांच्या आघाताचे मुलांवर परिणाम होऊ शकतात, हे खरं आहे. पण ते मुख्यतः पोचतात आज घरात चाललेल्या व्यवहारातून: उपचार न झालेल्या आजारातून, दचकण्यातून, अबोल्यातून, दारूतून, पैशाच्या ओढाताणीतून. म्हणून उपचाराची पहिली जागा म्हणजे आत्ता मूल सांभाळणारा माणूस. मानसिक आरोग्यसेवा नेमकी इथेच तोकडी पडते. मोठ्यांचा दवाखाना वेगळा, मुलांचा वेगळा, आणि एकाच्या आजाराचा दुसऱ्यावर होणारा परिणाम कुणाच्याच केसपेपरवर नाही.

‘डीएनएमध्येच आहे’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आधी घेऊ. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नपुरवठा तुटला आणि माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात गर्भधारणा झालेल्या माणसांत, आयजीएफ-2 या जनुकावरच्या मिथाइल खुणा (जनुकाचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा) सहा दशकांनंतरही त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. उपासमार ऐन भरात असताना ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाणही सुमारे दुप्पट निघालं. म्हणजे परिस्थिती शरीरावर खूण सोडते, आणि जनुकाचा क्रम न बदलता ती खूण टिकते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण हा दाखला देणारे एक साधं गणित विसरतात. गरोदर बाईवर संकट येतं तेव्हा तिथे एकाच वेळी तीन पिढ्या हजर असतात. ती स्वतः, तिच्या पोटातला गर्भ, आणि तो गर्भ मुलीचा असेल तर तिच्या अंडाशयात तयार होत असलेली, पुढे जिच्यातून नात जन्मणार ती बीजपेशी. मुलगी आणि नात, दोघींनाही संकटाची थेट झळ लागलेली असते. आईच्या बाजूने खरा जैविक वारसा सिद्ध करायचा तर पणतीपर्यंत जावं लागतं. बापाच्या बाजूने नातवापर्यंत. शिवाय या मिथाइल खुणा वाटेत दोनदा पुसल्या जातात, एकदा बीजपेशी घडताना आणि एकदा गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत. काही खुणा या पुसापुशीतून निसटतात, पण तो अपवाद. डच उपासमार ही गर्भातल्या कुपोषणाची गोष्ट आहे. तिच्यातून आजीच्या दुःखाची स्मृती नातीच्या रक्तात उतरते, असा अर्थ काढणं म्हणजे भलत्याच पावतीवर भलताच माल मागणं.

दुसरा नेहमीचा दाखला रेचल यहूदा यांच्या गटाचा, 2016 मधला. होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचलेले 32 जण आणि त्यांची 22 मुलं, तीही आता मोठी झालेली. तणावाच्या संप्रेरकाशी संबंधित एफकेबीपी-5 या जनुकावरच्या खुणा तपासल्या तेव्हा फरक सापडला, आणि ‘आघात जनुकांतून उतरतो’ अशा मथळ्यांचं पीक आलं. मथळ्यात न मावलेला भाग असा: आई-वडिलांत त्या खुणा वाढलेल्या होत्या आणि मुलांत घटलेल्या. तुलनेसाठी घेतलेल्या गटात प्रत्येक पिढीची दहासुद्धा माणसं नव्हती. नमुना रक्ताचा होता. आणि ही मुलं वाढली होती त्याच आई-वडिलांच्या घरात, त्यामुळे खूण बीजातून आली, गर्भातून आली की बालपणातून, हे या मांडणीत वेगळं काढताच येत नाही.

गंमत म्हणजे जनुकांवरच्या खुणांच्या या शास्त्रातला सर्वांत गाजलेला प्रयोग जनुकवाद्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने 2004 मध्ये उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. काही उंदीरमाता पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. जास्त चाटली गेलेली पिल्लं मोठेपणी तणावात लवकर शांत होतात, आणि त्यांच्या मेंदूत तणाव आवरणाऱ्या ग्राहीच्या (संप्रेरक टिपणाऱ्या रेणूच्या) जनुकावर खुणाही वेगळ्या असतात. मग पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणारीच्या पोटची पिल्लं जन्मल्याबरोबर जास्त चाटणारीच्या कुशीत ठेवली, आणि खूण सांभाळणाऱ्या आईप्रमाणे उमटली. जन्म दिलेल्या आईप्रमाणे नाही. 2014 मध्ये उंदरांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात बापाला एका वासाची भीती शिकवली तर त्या वासाबाबतची तीव्र संवेदनशीलता पुढच्या दोन पिढ्यांत दिसली, तेही बापाशी संपर्क नसताना. हा निष्कर्ष मी झटकून टाकत नाही. पण एका वासाबद्दलची उंदराची संवेदनशीलता आणि फाळणी, दुष्काळ किंवा युद्ध भोगलेल्या माणसाच्या नातवाचं नैराश्य यांच्यामध्ये एवढं अंतर आहे की त्यावर पूल बांधणारे सहसा अभियंते नसतात.

हा केवळ प्रयोगशाळेतला वाद असता तर सोडून देता आला असता. पण ‘रक्तातच आहे’ या भाषेचा इतिहास वाईट आहे. 1857 मध्ये फ्रेंच वैद्य बेनेडिक्ट मोरेल यांनी अध:पतनाचा सिद्धांत मांडला: एका पिढीतली व्यसनं आणि हलाखी पुढच्या पिढीत मानसिक आजार होऊन उतरते, त्यापुढच्या पिढीत आणखी बिघडते, आणि शेवटी वंश खुंटतो. मोरेल यांचा हेतू दुष्ट नव्हता; घाण, विषारी दारू, दारिद्र्य यांकडे लक्ष वेधायचं होतं त्यांना. पण लोकांनी परिस्थितीचा भाग गाळला आणि घराण्याचा ठेवला. सत्तर वर्षांनी, 1927 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिची आई मतिमंद, ती मतिमंद, तिची तान्ही मुलगीही तशीच, असा दावा होता, आणि न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं की मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली. एका सत्रात तिचं नाव गुणवंतांच्या यादीत लागलं. आठव्या वर्षी ती आजारपणात वारली. खाण तशी माती, असं म्हणणाऱ्यांनी मातीकडे नीट बघितलंच नव्हतं. आज ‘माझ्यात तो पिढीजात आहे’ असं म्हणणारा माणूस सहानुभूती मागत असतो, हे मला कळतं. पण हीच भाषा उद्या स्थळ बघणाऱ्याच्या, विमा देणाऱ्याच्या, मुलाचा ताबा ठरवणाऱ्याच्या तोंडी गेली तर?

याच्या उलट आक्षेप जास्त अवघड आहे, आणि तो मला खरोखर अडवतो. जनुकांवरून बोट काढून घराकडे वळवलं की ते शेवटी आईवर जाऊन थांबतं. हेही एकदा घडून गेलेलं आहे. 1948 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशी संज्ञा वापरली. त्याच सुमारास ऑटिझमसाठी ‘बर्फासारख्या थंड’ आया जबाबदार धरल्या गेल्या. पुढची दोन-तीन दशकं असंख्य आयांना मुलाचा आजार आणि त्याचा दोष, दोन्ही एकदमच घरी न्यावे लागले. तपासून पाहिल्यावर दोन्ही कल्पना टिकल्या नाहीत. मग मी तीच चूक नव्या शब्दांत करतोय का?

फरक कसोटीचा आहे. आईचा दोष सांगणाऱ्यांनी आईवर उपचार करून मूल सुधारतं का, हे पाहिलं नव्हतं. आता ते पाहिलं गेलंय. मिर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 151 माता आणि त्यांच्या मुलांच्या जोड्यांचा अभ्यास मांडला. आयांना नैराश्य होतं आणि त्यांना औषधं सुरू झाली होती. या अभ्यासात मुलांवर वेगळा उपचार नव्हता. तीन महिन्यांनी ज्या आया पूर्ण बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांमधलं मानसिक आजारांच्या निदानांचं प्रमाण 11 टक्क्यांनी घटलं. ज्यांचं नैराश्य कायम राहिलं त्यांच्या मुलांत ते सुमारे 8 टक्क्यांनी वाढलं. यात आईवर ठपका कुठे आहे? उलट तिचा उपचार ही चैन नाही, एवढंच यातून निघतं. (बापांवर असा अभ्यास शोधायला गेलात तर फार थोडं हाती लागेल. तो दोष शास्त्राचा.)

परिणाम पोचतो कसा, हे जवळून बघायचं असेल तर एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात केलेला प्रयोग आठवावा. काही महिन्यांचं बाळ खुर्चीत बसवलेलं, समोर आई. ती बोलते, बाळ हुंकार देतं, बोट दाखवतं. मग आईने काही मिनिटं चेहरा कोरा ठेवायचा. रागावायचं नाही, उठून जायचं नाही, फक्त प्रतिसाद नाही. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, किंचाळतं, मान फिरवतं, पुन्हा चोरून बघतं, आणि शेवटी खुर्चीत अंग सैल सोडून देतं. यात मारहाण नाही, शिवी नाही. गंभीर नैराश्यातला किंवा मनाने भूतकाळातल्या प्रसंगात अडकलेला माणूस दिवसातून कितीदा असा कोरा होतो, याचा हिशेब कोण ठेवणार? पण ट्रॉनिक यांच्याच कामातली दुसरी बाजू कमी सांगितली जाते: निरोगी जोड्यांतही आई आणि बाळ बराच वेळ एकमेकांशी जुळलेले नसतातच. सुटलेला धागा पुन्हा जुळतो की नाही, एवढ्यावर सगळं असतं. परिपूर्ण आई कुणालाच लागत नाही.

भीती तर याहून झपाट्याने उतरते. सुसान मिनेका यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जंगलात वाढलेली ऱ्हीसस माकडं सापाला प्रचंड घाबरायची. त्यांचीच प्रयोगशाळेत वाढलेली तरुण पिल्लं सापाच्या पलीकडचा खाऊ निवांत हात लांबवून घ्यायची. भीती जन्मजात उतरली नव्हती. मग पिल्लांना आई-बापांची सापासमोरची अवस्था बघू दिली. सहांपैकी पाच पिल्लांत तशीच तीव्र भीती बसली आणि तीन महिन्यांनीही ती तसूभर कमी झाली नव्हती. साप त्यांना एकदाही चावलेला नव्हता. पुढच्या प्रयोगात काही माकडांना आधी सापासमोर शांत राहणारं माकड दाखवलं, आणि नंतर घाबरलेलं. त्यांतल्या बहुतेकांना भीती चिकटलीच नाही.

आता ‘आमच्या पिढीने काय कमी सोसलं’ या बाजूकडे. तिचा निम्मा मुद्दा बरोबर आहे, आणि तो मान्य न करणारे उपचारक्षेत्रातले लोक स्वतःचंच नुकसान करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनेक देशांतल्या सर्वेक्षणांत सुमारे 70 टक्के लोकांनी आयुष्यात एखादा तरी आघातकारक प्रसंग अनुभवल्याचं सांगितलं. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा तणावाचा आजार, आयुष्यात कधीतरी झालेल्यांचं प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास होतं. बहुसंख्य माणसं सावरतात. मुलांच्या बाबतीतही असंच. 1966 मध्ये कॅनडात विव्हियन रॅकॉफ आणि सहकाऱ्यांनी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांतल्या मानसिक त्रासाबद्दल लिहिलं आणि या विषयाची सुरुवात झाली. पण ते दवाखान्यात आलेल्या कुटुंबांबद्दल होतं. 2003 मध्ये वॅन आयझेनडोर्न यांच्या गटाने 32 नमुन्यांचा, चार हजारांहून जास्त माणसांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा दवाखान्याबाहेरून नीट निवडलेल्या नमुन्यांत दुसऱ्या पिढीवर आघाताचा ठसा दिसलाच नाही. दवाखान्यात बसून जग बघितलं की सगळं जग आजारी दिसतं.

मात्र ‘त्यांना कुठे डिप्रेशन आलं’ हा प्रश्न विचारणारा एक चलाखी करतो. नाव नसलेला आजार मोजणार कसा? पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ हा शब्द 1915 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला, तोवर तो भित्रेपणा होता, आणि नंतरही काही सैनिकांना पळपुटे म्हणून गोळ्या घातल्या गेल्या. पीटीएसडी हे निदान 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या यादीत आलं. त्याआधीच्या माणसाला ‘तापट’, ‘घुम्या’, ‘दारुड्या’, ‘कुणात न मिसळणारा’ ही विशेषणं होती. आजोबांनी सोसलं खरं. पण ते घरी आल्यावर घर गप्प का व्हायचं, हे आजीला आणि मुलांना विचारून बघा.

तेव्हा करायचं काय? पहिली सुधारणा लाजिरवाणी वाटावी इतकी साधी आहे. प्रौढ रुग्णाच्या केसपेपरवर आई-वडिलांच्या आजाराचा रकाना असतो, पण ‘घरात अठरा वर्षांखालचं कुणी आहे का, किती वर्षांचं, तुम्हाला बरं नसतं तेव्हा त्याच्याकडे कोण बघतं’ हा रकाना बहुधा नसतो. आपण वर बघतो, खाली बघत नाही. नॉर्वेने 2010 मध्ये कायद्यानेच आरोग्यसेवकांवर ही जबाबदारी टाकली: गंभीर शारीरिक वा मानसिक आजार किंवा व्यसन असलेल्या रुग्णाला मुलं आहेत का, हे शोधायचं आणि त्यांच्या गरजा बघायच्या. फिनलंडमध्ये ‘मुलांबद्दल बोलू या’ अशा अर्थाची पद्धत रुळली आहे. दोन-तीन भेटींत आई-वडिलांशी मुलाच्या रोजच्या दिवसाबद्दल बोलायचं. झोप, शाळा, मित्र, घरातलं कोणतं मोठं माणूस भरवशाचं. आजाराबद्दल मुलाला काय सांगायचं, तेही तिथेच ठरतं.

दुसरी जागा बाळंतपणाच्या आसपासची. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्याची एडिंबरा प्रश्नावली 1987 पासून वापरात आहे: दहा प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण, एकूण 30. साधारणपणे 13 किंवा जास्त गुण आले की सविस्तर तपासणी करायची. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा; तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर एकूण बेरीज 5 असली तरी त्याच दिवशी बोलायचं. चुका ठरलेल्या आहेत. घरातलं दुसरं माणूस शेजारी बसलेलं असताना कागद भरून घेतला जातो, मग सगळी उत्तरं शून्य. आठवड्याभराच्या मन:स्थितीबद्दलचे प्रश्न ‘एरवी कसं असतं’ असे विचारले जातात. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे गुण जास्त आल्यावर पुढे पाठवायला कुणी नसताना चाळणी सुरू करणं. फुटक्या बादलीत पाणी किती आलं हे मोजण्यासारखं आहे ते.

‘एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून’ हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तर मिळालेलं आहे. ग्रामीण पाकिस्तानात अतिफ रहमान यांच्या गटाने गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना शिकवून गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यापासून 16 भेटींचा कार्यक्रम चालवला. 903 नैराश्यग्रस्त माता होत्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा तुलनेच्या गटात 53 टक्के आया अजून नैराश्यात होत्या, कार्यक्रमातल्या 23 टक्के. 2008 चा हा अभ्यास प्रामाणिकही आहे: बाळांच्या वजन-उंचीत म्हणावा तसा फरक पडला नाही. पण हगवणीचे प्रसंग कमी झाले, लसीकरण वाढलं, आणि आई-बाप दोघंही बाळाशी जास्त खेळू लागले.

ज्याच्या स्वतःच्या अंगावरून आघात गेलाय, त्याच्यासाठी कथनावर आधारलेली उपचारपद्धती आहे. जमिनीवर एक दोरी पसरायची, एक टोक जन्माचं. चांगल्या प्रसंगांना फूल, वाईटांना दगड, क्रमाने ठेवायचे. ही झाली पहिली बैठक. पुढच्या साधारण आठ ते बारा बैठकांत, प्रत्येकी तासाभराहून मोठ्या, तोच क्रम सांगत जायचं. उपचारक लिहून घेतो आणि पुढच्या वेळी वाचून दाखवतो. बिघडतं ते दगडापाशी. रुग्ण थरथरू लागला की नवखा उपचारक घाबरून विषय बदलतो किंवा घड्याळ बघून बैठक संपवतो. मग भीती शिखरावर असतानाच माणूस दारात उभा. नियम असा की प्रसंग सुरू केला तर तो संपेपर्यंत, धोका टळल्याच्या क्षणापर्यंत, न्यायचा. वेळ नसेल तर दगडाला हातच लावायचा नाही. लहान मूल असलेल्या घरांसाठी चित्रफितीची पद्धत आहे, साधारण सहा गृहभेटींची: आई किंवा बाप मुलाशी खेळतानाचं थोडा वेळ चित्रण करायचं, आणि पुढच्या भेटीत त्यातली नीट जमलेली दोन-चार क्षणचित्रं थांबवून दाखवायची. ‘इथे त्याने वर बघितलं, आणि तुम्हीही बघितलंत.’ चुका दाखवायच्या नाहीत. आधीच अपराधी वाटणारा माणूस चूक दाखवल्यावर पुढच्या भेटीला दार उघडत नाही.

आणि मुलांना काय सांगायचं? दोन टोकं घातक. एक पूर्ण अबोला. मूल रिकामी जागा स्वतःच्या कल्पनेने भरतं, आणि लहान मुलाच्या कल्पनेत दोषी बहुधा तेच असतं. दुसरं टोक म्हणजे रात्री झोपवताना छळाचे तपशील सांगणं. थोडक्यात, वयाला झेपेल इतकं, आणि शेवटासकट सांगावं: काय झालं, ते कधी संपलं, आत्ता आपण सुरक्षित का आहोत, बाबा दचकतात ते तुझ्यामुळे नाही.

वंशावळीचा तक्ताही उपयोगी पडतो, पण हात आवरून. तीन पिढ्या, पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, मृत्यू, विस्थापन, व्यसन, आत्महत्या यांच्या नोंदी, आणि शक्य तिथे साल. तो मागे जाण्यासाठी नसतो; आज कोण कुणाशी बोलत नाही, आणि आधार कुणाचा आहे, हे कळण्यासाठी असतो. इथून पाय घसरला की काय होतं, ते 1980 आणि 90 च्या दशकांत अमेरिकेत दिसलं. दडपलेल्या आठवणी ‘उकरून’ काढण्याच्या नादात उपचारकांनी सुचवून सुचवून न घडलेले प्रसंग लोकांच्या मनात पेरले आणि घरंच्या घरं मोडली. आठवण किती सहज रुजवता येते, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवलं. आज अनोळखी माणसांना आजोबा-पणजोबा म्हणून खोलीत उभं करून पिढ्यांचं दुःख ‘मोकळं’ करण्याची एकदिवसीय शिबिरं चालतात. तिथे निदान नाही, पाठपुरावा नाही, आणि रविवारी रात्री कुणी कोलमडलं तर फोन उचलायला माणूस नाही. आघातकारक प्रसंगानंतर लगेच सर्वांना एकदाच बोलतं करण्याची पद्धतही हेतूने चांगलीच होती; तपासल्यावर तिचा पीटीएसडी टाळण्यात फायदा दिसला नाही, आणि काही अभ्यासांत नुकसान दिसलं.

राहिला एक गंभीर आक्षेप: आघात घरात शोधायचा म्हणजे ज्यांनी तो केला त्या सत्तांना मोकळं सोडायचं. कॅनडात मूळनिवासींची सुमारे दीड लाख मुलं शंभरहून जास्त वर्षं घरांतून उचलून निवासी शाळांत घातली गेली. त्यांतल्या कित्येकांना आई-बाप असणं म्हणजे काय, हे बघायलाच मिळालं नाही. त्यांच्या पुढच्या पिढीला पालकत्वाचे धडे देऊन हात झटकायचे? अजिबात नाही. पण याच समाजांतला पुरावा वारशाच्या कल्पनेलाही धक्का देतो. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी 1998 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे दोनशे मूळनिवासी समुदायांतल्या तरुणांच्या आत्महत्या तपासल्या. निम्म्याहून जास्त समुदायांत पाच वर्षांत एकही नव्हती. काही थोड्या समुदायांत मात्र भयंकर प्रमाण. इतिहास साधारण सारखाच. फरक होता तो स्वशासन, जमिनीचे दावे, शाळा, आरोग्य, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक वास्तू स्वतःच्या हातात असण्याचा. सहाही असलेल्या समुदायांत एकही आत्महत्या नव्हती. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात 1990 च्या दशकात चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या भूमीवर जुगारगृह सुरू झालं आणि नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. जेन कॉस्टेलो यांच्या गटाचा मुलांवरचा अभ्यास तिथे आधीपासूनच चालू होता. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांच्या वर्तनसमस्या कधीच गरीब नसलेल्यांच्या पातळीवर आल्या. चिंता आणि नैराश्यावर मात्र तसा परिणाम झाला नाही. सुधारणा कशातून झाली, याचा माग काढला तेव्हा मुलांवर लक्ष ठेवायला आई-वडिलांना मिळालेली सवड पुढे आली. म्हणजे भरपाई, जमीन, अधिकार हे सगळं मुलापर्यंत पोचतं, पण तेही घरातल्याच वाटेने. त्यामुळे सत्तेकडून हिशेब मागताना सांभाळणाऱ्या माणसाचा उपचार पुढे ढकलण्याचं कारण नाही, आणि उपचार मिळाला म्हणून हिशेबही संपत नाही.

ज्याला स्वतःचं मूल नाही, पण आपल्या घरातलं दुःख आपल्यात मुरलंय असं वाटतं, त्याने काय करावं? ‘पिढीजात आघात’ हे अधिकृत निदान नाही, त्यामुळे त्याचा वेगळा ठरलेला उपचारही नाही. नैराश्य असेल तर नैराश्याचे, पीटीएसडी असेल तर त्याचे, व्यसन असेल तर त्याचे उपचार घ्यायचे. घराण्याची कथा त्या उपचारात सांगायची, त्याच्या जागी नाही. उपचारकाला पहिल्याच भेटीत विचारावं: माझं निदान काय, किती बैठका लागतील, सुधारतंय हे आपण कशावरून ओळखायचं. चांगला उपचारक एखादी छोटी प्रश्नावली भरून घेतो, दर काही बैठकांनी तीच पुन्हा भरून घेतो. सहा-आठ बैठकांत तो आकडा जागचा हलला नाही तर उपचाराची पद्धत बदलायची, औषधाचा विचार करायचा, दुसरं मत घ्यायचं. अशा वेळी ‘आता आणखी एक पिढी मागे जाऊ’ असं सुचवलं गेलं, तर पुढची वेळ ठरवण्याआधी दुसरीकडे चौकशी करावी.